अमळनेर कोणाच्या मालावर उभे राहिले?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाच्या प्रश्नावर आपण दर बैठकीत बोलतो. आज एका गावाबद्दल बोलणार आहे, पण विषय तोच आहे. जळगाव आणि धुळे ही जिल्ह्याची ठिकाणे, त्यांचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मी अमळनेर घेतो. तालुक्याचे लहान शहर. पण शेतमालातून शहर कसे उभे राहते आणि माल पिकवणारा त्यात कुठे राहतो, हे तिथे लख्ख दिसते.

अमळनेर बोरीच्या काठी वसले आहे. बोरी पुढे तापीला मिळते. तापीकाठची जमीन काळीभोर, खोल. नदीपासून दूर जाल तशी हलकी. कापूस, दादर, बाजरी, हरभरा, आणि एके काळी भरपूर भुईमूग. दादरची भाकरी ज्याने खाल्ली त्याला या मातीचे वेगळे वर्णन सांगायला नको. बोरीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची समाधी आहे. वैशाखात एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. खेड्यापाड्यांतून माणसे येतात. वैशाख म्हणजे माल विकून झालेला आणि पेरणी यायची असलेली. शेतकऱ्याच्या खिशात दोन पैसे असतील तर ते याच महिन्यात, आणि यात्रेतल्या दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते!

आता या गावाचे शहर कशाने झाले ते पाहू. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशात कापसाचे व्यापारी उतरले, जळगावची पेठ फुगली. युद्ध संपले, भाव कोसळला. पेठा मात्र राहिल्या. पुढे 1900 साली रेल्वे अमळनेरला आली, एका बाजूने जळगावकडून आणि दुसऱ्या बाजूने सुरतेकडून. मग विसाव्या शतकाच्या आरंभी प्रताप शेठजींची कापड गिरणी उभी राहिली. गिरणीमागून शाळा आली, पुढे कॉलेज आले. 1916 साली तर तत्त्वज्ञान मंदिर निघाले. विचार करा, कापसाच्या गावात वेदान्ताची अभ्याससंस्था! मी हे टिंगलीने म्हणत नाही. शेठजींनी पैसा गावात घातला, ही गोष्ट मोठीच आहे. कित्येक धनिकांनी तो मुंबईला नेला.

त्या तत्त्वज्ञान मंदिरात साने गुरुजी आले आणि नंतर 1924 ते 1930 त्यांनी प्रताप हायस्कुलात शिकवले. ते कोकणातले, पण खानदेशाने त्यांना आपले मानले. 1936 साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन आपल्या फैजपूरला झाले, आणि 1938 साली गुरुजींनी अमळनेरातून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. त्यात शेतकरी आणि कामगारांची गाऱ्हाणी असत. पुस्तकातला गुरुजी आपल्याला माहीत आहे. सरकारला जाब विचारणारा गुरुजी पोरांना कोणी सांगत नाही.

मग आला भुईमूग. 29 डिसेंबर 1945 रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली. शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप करायचे, म्हणून कारखाना अमळनेरला. माल इथे, रेल्वे इथे. ‘सनफ्लॉवर’ वनस्पतीचा डबा आणि 787 साबणाची वडी इथून बाहेर पडली. 1966 साली वडील वारल्यावर अझीम प्रेमजी परदेशातले शिक्षण सोडून परतले. तीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि संगणकाच्या धंद्यात बंगळूरला मोठी झाली. सुरुवातीच्या काळात अमळनेरच्या कित्येक लोकांनी तिचे शेअर घेतले होते. ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांच्या घरी कागदाचे कोटी रुपये झाले. वर्तमानपत्रांनी ‘कोट्यधीशांचे गाव’ म्हणून फोटो छापले.

माझे म्हणणे या गोष्टीत आहे. शेंगा विकणारा आणि शेअर धरणारा, दोघे एकाच बाजारपेठेतले. शेअर धरणाऱ्यांत काही शेतकरीही होते, म्हणजे प्रश्न जातीचा किंवा अकलेचा नाही. ज्याने शेंगा विकल्या, त्याला त्या दिवसाचा भाव मिळाला आणि हिशेब तिथेच मिटला. ज्याने कारखान्यात वाटा ठेवला, त्याचा हिशेब पन्नास वर्षे चालू राहिला.

आणि भुईमुगाचे काय झाले? 1986 साली सरकारने तेलबिया मिशन काढले, उत्पादन वाढले. 1994 साली पामतेलाची आयात खुली केली आणि पुढच्या चार वर्षांत जकात उतरवत नेली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते. खुल्या व्यापाराला आपला विरोध नव्हता आणि नाही. पण आमच्या निर्यातीला कुलूप आणि त्यांच्या आयातीला दार उघडे, याला खुला व्यापार म्हणत नाहीत. कापसाचेही तेच. 2025 साली लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये जाहीर झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये कापसावरची 11 टक्के आयात जकात डिसेंबरअखेरपर्यंत उठवली. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या सुमारास.

अमेरिकेतले एक गाव सांगतो. टेक्सासमध्ये लबक नावाचे कापसाचे शहर आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी सरकीची स्वतःची सहकारी तेलगिरणी काढली आणि 1953 साली रुई विकणारी स्वतःची संस्था. त्यांच्या सरकारने त्यांना अनुदानही भरपूर दिले, इतके की ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला आणि जिंकला. ते अनुदान आपल्याला मिळणार नाही, मागायचेही नाही. पण तेलगिरणी अनुदानातून नव्हे, मालकीतून येते.

इथे कोणी म्हणेल, सहकार आम्हीही पाहिला. खरे आहे. आपल्याकडे सहकाराची मालकी सभासदाची आणि चावी पुढाऱ्याची. पण 2003 सालापासून कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची सोय आहे. त्यातही पुढारी घुसतात, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतात.

साधा हिशेब करा. एक क्विंटल कापसातून सुमारे 34 किलो रुई निघते, थोडी घट सोडली तर बाकीची सरकी. सरकीतून तेल, आणि उरलेली ढेप. ती ढेप आपणच आपल्या म्हशीसाठी विकत आणतो. आपलाच माल, जाताना एका भावाने आणि येताना दुसऱ्या.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला 97 वे साहित्य संमेलन झाले. 1952 नंतर दुसऱ्यांदा मान मिळाला, आनंद आहे. त्याच तालुक्यात तापीवरचे पाडळसरे धरण 1990 च्या दशकापासून चालले होते, ते त्या वर्षीही अपुरेच होते. मांडव मात्र वेळेवर उभा राहिला!

धुळ्याच्या भावांनो, पांझराकाठची तुमची गोष्ट याहून फार निराळी नाही. तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने तीन कागद आणावेत : या हंगामात कापूस विकल्याची पट्टी, त्या आठवड्यातला रुई आणि सरकीचा बाजारभाव, आणि ढेप घेतल्याची पावती. तिन्ही शेजारी ठेवून फळ्यावर मांडू. ज्या गावात जिनिंग आहे, त्यांनी एका गाठीचा प्रेसिंगचा खर्च विचारून यावे.