पिल्लू शेळ्यांमागे धावतंय? आधी थांबायला शिकवा

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेलवरून घेतलाय. सोलापूर जिल्ह्यातले हे गृहस्थ शेळीपालन करतात. मेंढ्या वळवणारा कुत्रा म्हणून त्यांनी बॉर्डर कॉलीचं पिल्लू आणलं. आता ते आठ महिन्यांचं आहे. मोकळं सोडलं की शेळ्यांमागे सुसाट सुटतं, हाका मारून घसा बसला तरी ऐकत नाही. परवा तर त्याने एका शेळीचा पायच धरला. घरातले म्हणतात, याला चटक लागली, देऊन टाका. त्यांनी विचारलंय, हा कुत्रा बिघडलाय का?

माझं उत्तर असं की, अजून बिघडलेला नाही. पण आत्ता चाललंय ते असंच चालू राहिलं, तर नक्की बिघडेल. मी काही मेंढपाळ नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण या कामाची एक पक्की पद्धत आहे, आणि तिच्यामागचं कारण कळलं की निम्मा गोंधळ संपतो.

मुळात कळप वळवणं म्हणजे अर्ध्यावर थांबवलेली शिकार. लांडगा काय करतो? सावज हेरतो, नजर रोखतो, दबकत पुढे जातो, पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. बॉर्डर कॉलीमध्ये माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून नजर, दबकणं आणि पाठलाग हे टप्पे वाढवले, चावण्याचे टप्पे दाबले. लक्षात घ्या, दाबले म्हणतोय. पुसून टाकले नाहीत. म्हणून या पिल्लाला 'धाव' शिकवावं लागत नाही, ते आईच्या पोटातूनच घेऊन येतं. शिकवायचं असतं ते 'थांब'.

या जातीचा मूळपुरुष मानला जातो तो ओल्ड हेम्प. १८९३ सालचा, इंग्लंडच्या नॉर्थंबरलँडमधला, ॲडम टेल्फर यांचा कुत्रा. त्याचं नाव कशामुळे झालं? भुंकण्या-चावण्यामुळे नाही. तो शांतपणे, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. आज जगभरातल्या असंख्य कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत पोचते. म्हणजे चांगला कुत्रा कोणता, तर ज्याच्यामुळे कळप चालतो पण घाबरून उधळत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं?

पहिली गोष्ट, मोकळा पाठलाग आजपासून बंद. बाकी कशाआधी हे. या कुत्र्याला शेळी पळताना बघणं हेच सगळ्यात मोठं बक्षीस आहे. तुमच्या हातातलं बिस्किट त्यापुढे काहीच नाही. तो दहा वेळा धावला, की दहा वेळा त्याला बक्षीस मिळालं आणि 'हाक आली तरी ऐकायची गरज नाही' हा धडा दहा वेळा पक्का झाला. त्यामुळे तुमची नजर नसेल तेव्हा तो कुंपणात किंवा बांधलेला हवा. ही शिक्षा नाही. दिवसातून दोनदा फिरवणं, खेळवणं हे चालूच ठेवायचं.

दुसरी गोष्ट, शेळ्यांपासून लांब, अंगणात दोन शब्द पक्के करायचे. एक, जिथे असेल तिथे खाली बसणं. दुसरा, काम सोडून तुमच्याकडे परत येणं. शब्द कुठल्याही भाषेतले चालतात, फक्त रोजच्या बोलण्यातले नकोत. आपण 'बस' आणि 'चल' दिवसभर सगळ्यांनाच म्हणतो. कुत्र्याने त्यातून आपलं काय ते कसं ओळखायचं?

तिसरी गोष्ट, हे दोन्ही पक्कं झालं की आठ-दहा मीटरची दोरी पट्ट्याला लावून शेळ्यांजवळ न्यायचं. आधी नुसतं बाजूने चालायचं. शेळ्या चरतायत, कुत्रा बघतोय आणि शांत आहे, एवढंच त्या दिवशीचं यश.

चौथा टप्पा खऱ्या कामाचा. छोटं कुंपण, आत चार-पाच शांत, मोठी जनावरं. करडं नकोत, गाभण शेळ्या तर अजिबात नकोत. पळवलेली गाभण शेळी गाभडू शकते. मारका बोकडही नको. एकदा जोरात टक्कर बसली की लहान कुत्रा कायमचा बिचकतो. इथे एक गंमत दिसते. कॉलीला उपजतच कळपाच्या पलीकडे जाऊन कळप तुमच्याकडे आणायचा असतो. तुम्ही हललात की तो समोरची बाजू धरायला गोल फिरतो. तो फिरत असतानाच शब्द जोडायचा. ब्रिटनमधले मेंढपाळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाताना 'कम बाय' आणि उलट्या दिशेला 'अवे' म्हणतात. तो आत घुसायला लागला, तर मध्ये उभं राहून वाट अडवायची, खाली बसवायचं. बसला की पुन्हा काम द्यायचं. थांबलं की काम मिळतं, घुसलं की काम जातं, हा हिशोब त्याला लवकर कळतो. मारलं तर मात्र तो शेळ्यांना नाही, तुम्हाला घाबरायला लागतो.

आणि हे सगळं पाच-दहा मिनिटंच. आपल्याकडच्या उन्हात तर पहाटेच. या जातीचे दाट केस थंड प्रदेशासाठी आहेत, आणि कामाच्या नादात हा कुत्रा स्वतःहून थांबत नाही.

आता एक गैरसमज. बरेच जण विचारतात, धनगरांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांना कुठे कोण शिकवतं? पण त्या कुत्र्याचं काम राखणीचं. लांडग्यापासून कळप वाचवायचा. तो कळपातच वाढतो आणि जनावरांवर नजर रोखत नाही. कॉलीचं काम नेमकं उलटं. रात्रीच्या राखणीसाठी कुत्रा हवा असेल, तर कॉली आणूच नका.

ब्रिटनमध्ये जनावरांना त्रास देणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला १९५३ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवता येतं, आणि ठराविक परिस्थितीत शेतकरी असा कुत्रा गोळी घालून मारू शकतो. जिथून ही जात आली तिथेच इतकी कडक वागणूक आहे, कारण कुत्र्याची एक दौड म्हणजे कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न.

तेव्हा सोलापूरच्या आपल्या मित्राला सांगणं एवढंच: आठ महिने हे उशिराचं वय नाही. बरेच मेंढपाळ खरं शिक्षण याच सुमाराला सुरू करतात. देऊन टाकण्याआधी दोन-तीन महिने दोरी, कुंपण आणि 'थांब' एवढं करून बघा. एवढं करूनही तो दात लावत असेल, तर त्याला शेळ्या नसलेलं घर शोधा. त्यात कमीपणा नाही; शेळ्याही सुखी, कुत्राही.

तुमच्याकडे असा कुत्रा असेल तर अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.