यंत्र खपलें, खेळ फसले

श्रोतेहो, ग्रामोफोनचा कर्णा कितीही डौलदार असला, तरी घरांत एकही सुरेल तबकडी नसेल तर त्याचा उपयोग शोभेपुरताच. यंत्र विकणें ही एक गोष्ट. त्यावर लोकांचें मन रमेल असें कांहीं निपजविणें ही दुसरी. हा भेद विसरल्यानें एका बलाढ्य कंपनीची काय दशा झाली, तें आज सांगावयाचें आहे.

अमेरिकेंतील ‘अटारी’ ही कंपनी १९७२ सालीं नोलन बुश्नेल व टेड डॅबनी यांनीं स्थापिली. १९७६ सालीं ती वॉर्नर कम्युनिकेशन्सनें विकत घेतली, आणि १९७७ सालीं तिनें टेलिव्हिजनला जोडावयाचें एक खेळयंत्र बाजारांत आणलें. पुढें तें ‘अटारी २६००’ या नांवानें गाजलें. त्याची कार्यस्मृति अवघी १२८ बाइट्सची. पण योजना चतुर होती. यंत्र एकदांच घ्यावें, आणि कार्ट्रिज बदलून हवा तो खेळ खेळावा. आपल्याकडील मुलें अशा वस्तूला पुढें ‘कॅसेट’ म्हणूं लागलीं. १९८० सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ या यंत्रावर आला आणि खप झपाट्यानें वाढला. त्या एका खेळासाठीं लोकांनीं यंत्र घरीं नेलें.

हा धडा चालकांनीं मात्र घेतला नाहीं. कल्पना, चित्रें, ध्वनि व आज्ञावली हें सारें त्या काळीं बहुधा एकच मनुष्य रची. पण वेष्टनावर त्याचें नांव नसे. वॉरेन रॉबिनेट यानें तर ‘ॲडव्हेंचर’ या खेळांत एक गुप्त दालन करून तेथें स्वतःचें नांव लपवून ठेवलें! १९७९ सालीं डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड व लॅरी कॅप्लन हे कसबी रचनाकार बाहेर पडले, आणि ‘ॲक्टिव्हिजन’ कंपनी उभी राहिली. ती रचनाकारांचीं नांवें अभिमानानें छापूं लागली. अटारीनें दावा लावला. १९८२ सालीं तडजोड झाली. मग अनेक हौशे-गवशे या धंद्यांत शिरले. कोणता खेळ चांगला आणि कोणता टाकाऊ, हें पारखणारें दारावर कोणीच नव्हतें.

खुद्द अटारीही घाईला बळी पडली. १९८२ सालचा ‘पॅक-मॅन’ लाखोंनीं खपला खरा, पण त्यांतील लुकलुकणारीं भुतें पाहून घेणारे हिरमुसले. त्याच वर्षीं नाताळचा बाजार गांठण्यासाठीं ‘ई. टी.’ चित्रपटावरील खेळ रचण्यास हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना जेमतेम पांच आठवडे मिळाले. पडून राहिलेला माल १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें जमिनींत पुरला गेला. २०१४ सालीं खोदकाम झालें तेव्हां तीं कार्ट्रिजें खरोखरच सांपडलीं.

१९८३ सालीं अमेरिकेंतील हा बाजार कोसळला. स्वस्त घरगुती संगणकांची स्पर्धा हेंही त्याचें एक कारण होतें. परंतु ग्राहकाचा विश्वास उडाला तो वाईट खेळांमुळें. १९८४ सालीं वॉर्नरनें अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल यांना विकून टाकला. १९८५ सालीं अमेरिकेंत आलेल्या जपानच्या निन्टेंडोनें मात्र यंत्रांतच एक कुलूप बसविलें. तिच्या परवानगीवांचून केलेला खेळ त्यावर चालूं नये, अशी ती योजना. त्या कुलुपानें निन्टेंडोची मक्तेदारी वाढली, हेंही नाकारतां येत नाहीं.

श्रोतेहो, नवें यंत्र घरीं आणतांना आपण त्याचा वेग विचारतों, किंमत विचारतों. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: यावर खेळण्याजोगें काय आहे, आणि तें रचणाऱ्याला त्याच्या कामाचा मान मिळतो काय? पाटी उत्तम मिळाली, पण तिच्यावर लिहिणाराच दुरावला, तर ती कोरीच राहावयाची.