संगणकाची दुरुस्ती आणि विश्रांतीची वेळ



आज मी आपल्यापुढे एक छोटाच, पण घराघरांशी संबंधित प्रश्न मांडणार आहे. संगणकात ‘अपडेट’, म्हणजे सुधारणा बसवली की तो बंद करून पुन्हा चालू करण्याची सक्ती असावी काय? मी लिनक्स या प्रणालीविषयी बोलत आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती १९९१ साली सुरू केली. आपल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. तेव्हा हा प्रश्न परका नाही.

आपल्या भागातलाच दाखला घेऊ. टेंभू योजनेचे आवर्तन चालू असताना एखाद्या शेताचा पाट फुटला, तर तेवढाच पाट अडवून बांधता येतो. मुख्य कालव्याच्या मोठ्या डागडुजीला मात्र पाणी बंद व्हावे लागते. लिनक्सचेही तसेच आहे. एखादा प्रोग्राम सुधारला, तर तेवढाच बंद करून पुन्हा सुरू केला की भागते. गाभा, म्हणजे ‘कर्नल’, बदलला तर सबंध यंत्रच एकदा बंद करून चालू करावे लागते.

येथेच पुष्कळांची फसगत होते. लिनक्समध्ये प्रोग्राम चालू असतानाही त्याची फाइल बदलता येते. परंतु मेमरीत उतरलेली जुनी प्रत तशीच चालत राहते. नवे कुलूप घरात आणून ठेवले आणि दाराला जुनेच राहिले, अशातला हा प्रकार! २०१४ साली ‘ओपनएसएसएल’मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. तेव्हा नुसती सुधारणा बसवून भागले नाही. तिच्यावर चालणाऱ्या सेवाही पुन्हा सुरू कराव्या लागल्या.

यावर उपाय निघाले आहेत. २०१५ साली लिनक्सच्या ४.० आवृत्तीत चालू गाभ्यालाच ठिगळ लावण्याची सोय आली. फुटक्या जागेला वळसा देऊन पाणी पुढे न्यावे, तशी ती आहे. तातडीच्या वेळी ती उपयोगी पडते, पण प्रत्येक बदल तिने होत नाही. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनांत नवी प्रणाली दुसऱ्या कप्प्यात बसवली जाते. तोवर आपले काम चालू राहते आणि शेवटी एकदाच फोन बंद-चालू होतो.

माझे नम्र मत असे, की सक्ती नसावी. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी यंत्र आपणहून बंद पडले, तर नुकसान विद्यार्थ्याचे होते. मात्र वेळ ठरवण्याचा हक्क मागणाऱ्याने ती वेळ पाळलीही पाहिजे. ‘आमचा संगणक वर्षभर बंद झालेला नाही,’ असे काहीजण अभिमानाने सांगतात. त्या वर्षात गाभ्यातील जे दोष दुरुस्त झाले, ते त्यांच्या यंत्रात तसेच राहिले असतील!

म्हणून शाळेत शनिवारी सुटताना आणि घरी आठवड्यातून एका रात्री ही वेळ ठेवावी. आधी काम जतन करावे, सुधारणा बसवावी, मग यंत्र बंद करून चालू करावे. विद्यार्थी मित्रहो, घरातली ही जबाबदारी तुम्ही घ्या. वडीलधाऱ्यांच्या फोनवर ‘नंतर’ म्हणून ढकललेली सूचना आज रात्रीच पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.