अंगठा कुणाचा, मर्जी कुणाची

(कळंब तालुक्यातील बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'स्मार्टफोनचा सोपा वापर' असा छापलाय. काल रात्री जेवताना तुमच्यातल्या दोघीतिघी म्हणाल्या, "ताई, बोट ठेवलं की थेट फोन लागतो, ते कसं करायचं ते शिकवा." शिकवणार आहे. पण बोटाचं शिकवायचं तर आधी अंगठ्याविषयी बोलावं लागेल.

आपल्याकडे 'अंगठेछाप' ही शिवी आहे. 'अंगठाबहाद्दर' त्याहून बोचरी. १९९० च्या दशकात गावोगाव साक्षरतेचे वर्ग चालले, बचत गट उभे राहू लागले, तेव्हा बायकांनी पहिली कमाई केली ती सहीची. जुन्या कार्यकर्त्या सांगतात, बायका चुलीपुढच्या राखेत नाव गिरवायच्या आणि महिन्याच्या बैठकीत ठरावाच्या वहीवर थरथरत्या हातानं का होईना, सही करायच्या. बँकेतल्या बाबूनं शाईचं पॅड पुढं सरकवलं की "पेन द्या" म्हणायचं, हा त्या काळातला मोठा पराक्रम होता.

आता अंगठा परत आलाय. रेशन दुकानाच्या मशीनवर अंगठा, बँक मित्राकडे पैसे काढायला अंगठा. २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, एका बाईला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत आपल्या बोटांना जेवढं काम लागलं, तेवढं आपल्या सहीला कधी लागलं नव्हतं.

हा ठसा आला कुठून, तेही सांगते. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. का, तर पुढं त्यानं 'ही सही माझी नव्हेच' म्हणू नये. म्हणजे ठशाचा जन्मच अविश्वासातून झाला. ठसा घेणारा वरचा आणि देणारा खालचा. फोनवर आपण आपलंच बोट आपल्या हातानं ठेवतो, म्हणून हा उतरंडीचा इतिहास आपल्या ध्यानात येत नाही.

आता फोन. बहुतेक स्मार्टफोनमध्ये सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात चार-पाच बोटं नोंदवता येतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्यापुढची सोय असते. बोटागणिक वेगळं काम नेमता येतं, किंवा बोट जरा वेळ दाबून धरलं की ठरवून ठेवलेली कामं समोर येतात. म्हणजे उजव्या तर्जनीनं नुसता फोन उघडेल, डाव्या अनामिकेनं थेट बहिणीला फोन लागेल, करंगळीनं कॅमेरा सुरू होईल. ज्यांना वाचायला अडचण पडते त्यांच्यासाठी ही खरोखर मोठी सोय आहे. आमच्याकडच्या एका आजींना नावांची यादी वाचता येत नाही, पण 'हे बोट पोरीचं, हे बोट डॉक्टरचं' असं त्यांनी पाठ केलंय. तुमच्या फोनमध्ये ही सोय नसेल तरी हरकत नाही. ज्यांना रोज फोन लागतो त्यांची नावं पहिल्या पडद्यावर आणून ठेवली की निम्मं काम होतं. आणि संकटाच्या वेळचा रस्ता सगळ्यांसाठी आहे. २०१६ च्या केंद्राच्या नियमानुसार साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं, अथवा स्मार्टफोनचं पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबलं, की ११२ ला फोन लागायला हवा. काही फोनवर ते पाचदा दाबावं लागतं. नुसतं करून बघू नका, पोलिसांना खरंच फोन जातो!

एक शंका नेहमी येते: फोनमध्ये दिलेला ठसा सरकारकडे जातो का? नाही. तो फोनमध्येच राहतो, त्याचा आधारशी संबंध नाही.

दुसरी तक्रार, "ताई, माझं बोटच घेत नाही." कशी घेईल? आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः भूम, वाशी, कळंब, परंडा या भागातून, दरवर्षी जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात. पाच-सहा महिने ऊस धरायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून ट्रकमध्ये चढवायच्या. बोटांवरच्या रेषा घासून जातात. धुणीभांडी करणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या बायकांचंही तेच. यंत्र म्हणतं, 'ठसा जुळत नाही', आणि रेशनच्या रांगेत बाई ओशाळते, जणू चूक तिची. फोनपुरता उपाय आहे. एकच बोट दोन-तीनदा नोंदवा, कमी घासलेली करंगळी घ्या, हात धुऊन कोरडा करा आणि हंगाम संपवून गावी आलात की ठसे नव्यानं द्या.

इथवर सोयीचं झालं. आता ज्यासाठी मी उभी राहिले ते.

वाशी तालुक्यातली एक बाई आमच्याकडे यायची. घरात मारहाण होती. फोन तिच्या नावावर, तिच्या कमाईचा, बोटही तिचंच नोंदवलेलं. तरी रात्री तिनं न उघडलेले निरोप सकाळी वाचलेले दिसायचे. तिनं कुणाकुणाला फोन केला ते नवऱ्याला माहीत असायचं. एकदा त्यानं आमच्या कार्यालयाचा नंबर पुढं धरून तिला मारलं. उलगडा व्हायला वेळ लागला. ती दमून गाढ झोपली की तो तिचा अंगठा उचलून फोनवर टेकवायचा.

पिन सांगायला बाई जागी लागते. ती नाही म्हणू शकते, खोटा आकडा सांगू शकते, 'आठवत नाही' म्हणू शकते. धाकानं पिन काढून घेतात हे मला ठाऊक आहे, पण निदान घेतल्याचं तिला कळतं. बोट झोपेतही चालतं. हा फरक मला फार मोठा वाटतो. बाईच्या शरीराचा वापर तिच्या संमतीशिवाय होतो, याविरुद्ध चळवळ इतकी वर्षं बोलत आली. या यंत्रात नेमकी तीच फट राहिली आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की बोटाला बिनधोक कामं द्या. फोन लावणं, फोटो, एसटीचं वेळापत्रक, ठीक. पैसा आणि जिव्हाळ्याचे निरोप पिनच्या मागं ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयच्या पिनऐवजी फोनवरच्या ठशानं किंवा चेहऱ्यानं पैसे पाठवण्याची सोय जाहीर झाली. ती ऐच्छिक आहे. ॲपनं विचारलं म्हणून 'हो' दाबू नका. दुकानदाराला किती सोपं जातं, यापेक्षा दीड हजार कुणाच्या मर्जीनं खर्च होतात हे पाहा.

रात्रीची भीती असेल तर साधी युक्ती आहे. झोपण्याआधी फोन बंद करून परत चालू करा. असा चालू केलेला फोन पहिल्यांदा पिनच मागतो, बोट घेत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरच्या बटणाखाली 'लॉकडाउन' असा पर्याय असतो, त्यानंही तेच होतं. नवं बोट नोंदवायलाही पिन लागतो, तेव्हा खरी किल्ली तीच. ती दुकानातल्या पोऱ्यानं घालून दिलेली १२३४ असेल तर आजच बदला.

आता फोन काढा आणि किती बोटं नोंदवलेली आहेत ते मोजा. तुम्ही दोन दिली असतील आणि तीन दिसत असतील, तर तिसरं कुणाचं? घरच्या फोनमध्ये चार जणांची बोटं असणं यात वावगं काहीच नाही, सगळ्यांना ठाऊक असेल तर. पण न सांगता घातलेलं बोट सापडलं तर लगेच पुसू नका. हे कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगते. आपल्याला संताप येतो, आपण तिच्या हातातून फोन घेऊन ते बोट काढून टाकतो. संध्याकाळी त्याचं बोट चालत नाही, आणि मार तिला बसतो. आधी तिला विचारा: हे काढलं तर आज घरी काय होईल? रात्री जायला जागा आहे का? महत्त्वाचे नंबर दुसऱ्या कुणाकडे लिहून ठेवलेत का? तिनं ठरवू दे, काढायचं की तसंच ठेवून वेगळा साधा फोन वापरायचा. न विचारता तिच्या खात्यातले पैसे उचलणं, ते हातात येऊ न देणं, ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं आर्थिक हिंसा ठरते, तिची तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे देता येते. १८१ वरही मदत मिळते. पण तो नंबर तिच्या फोनच्या यादीत ठेवायचा, की नुसता पाठ करायचा, हेही तिलाच विचारा.

ज्यांच्या फोनमध्ये बोटांचा पर्याय सापडत नाही त्या इकडे पुढं या. बाकीच्या दोघीदोघी बसा.