अर्धा एकर घरच्या ताटासाठी

मृग तोंडावर आलाय. घरोघरी बियाण्याच्या पिशव्यांचा हिशोब चालू असेल. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे : या पावसाळ्यात रानातला एक तुकडा घरच्या खाण्यासाठी राखून ठेवा.

गेल्या वर्षी, याच दिवसांत, आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर मी विचारलं, "या आठवड्यात बाजारातून खायला काय काय आणलं?" एकेक जण सांगू लागली. ज्वारी, तूरडाळ, मूग, भेंडी, मिरची. कोथिंबीरसुद्धा! बारा जणींपैकी दहा जणींच्या घरी शेती. एक आजी म्हणाल्या, "आगं, मग आपण शेतकरी का गिऱ्हाईक?" सगळ्या हसल्या. मला मात्र ते लागलं, कारण माझ्याही घरी तेच होतं.

आमची चार एकर. या बांधापासून त्या बांधापर्यंत सोयाबीन. सोयाबीनला मी नावं ठेवत नाही. मुलांची फी, दवाखाना, गटाचा हप्ता त्यावरच भागतो. पण २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात कितीतरी जणांना त्याहून कमी मिळाले. भाव पडला की घरात पहिली काटछाट कुठं होते? डाळ पातळ होते, भाजी एक वेळ होते. आणि सगळ्यात शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मी मालकांकडं अर्धा एकर मागितला. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, म्हणून मागावाच लागला. ते म्हणाले, "तेवढ्या सोयाबीनचे पैसे कोण देणार?" मी किराण्याची वही पुढं ठेवली. डाळ, ज्वारी, भाजीला तीन महिन्यांत किती गेले, ते त्यात लिहिलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एक वर्ष करून बघ."

जूनमध्ये मूग पेरला, मध्ये तुरीच्या चार ओळी, बांधाला भेंडी आणि गवार. आत्याबाईंनी चिंधीत बांधून ठेवलेलं अंबाडीचं बी काढून दिलं. मूग दोन-सव्वादोन महिन्यांत येतो. त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, म्हणून त्याच रानात रब्बीची मालदांडी ज्वारी चांगली येते. सगळं सरळ झालं असं नाही. थोडा मूग पावसात भिजला, गवार किडीनं गेली. पण तूर घरची झाली, ज्वारीची पोती घरात आली आणि गाईला कडबा मिळाला.

हे मी एकटीनं शोधलेलं नाही. लातूर-धाराशिवकडं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर हजारो बायांनी असाच अर्धा-एक एकर घरून मागून घेतला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणं जपलं म्हणून त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली.

बियाण्याचं एक ध्यानात ठेवा. संकरित बियाण्याचं पीक पुन्हा पेरलं तर तसंच येत नाही. गावरान आणि सुधारित सरळ वाणाचं बी मात्र घरी धरता येतं. निरोगी झाडाची पक्की शेंग निवडा, बी चांगलं वाळवा, राख नि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या मडक्यात तोंड बांधून ठेवा. आपलं बी राखायचा, पेरायचा आणि शेजारणीला द्यायचा हक्क २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला दिलाय.

ज्यांना जमीन नाही, त्यांनी परसात सांडपाण्यावर शेवगा, पालक, भोपळा लावा. बी गटातून मागा.

आता तुमचं काम. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आठवडाभरात विकत आणलेल्या खाण्याची यादी लिहून आणा. त्यातल्या ज्या वस्तू आपल्या मातीत येतात, त्यांवर खूण करा. ती वही घेऊन पेरणीआधी घरात बोला. पेरणी झाल्यावर बोलून उपयोग नाही.