दूरच्या आवाजासाठी

श्रोतेहो, सुरतेच्या उधना भागात शिकविताना यंत्रमागांचा खडखडाट आम्हां शिक्षकांच्या अंगवळणी पडलेला असतो. मागच्या बाकावरील एखादी मुलगी हलक्या आवाजात कविता म्हणू लागली, की मी आधी वर्गाच्या खिडक्या लावून घेतो. मग उकाडा होतो, पण तिचा शब्द सर्वांना ऐकू येतो. अंतराळातील संदेश ऐकण्याची विद्याही अशीच आहे. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यानाला "मोठ्याने बोल" असे सांगता येत नाही. आपल्याकडचाच गोंगाट कमी करावा लागतो.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हे तिचे कान होत. त्या मुख्यतः आकाशस्थ ज्योतींच्या अभ्यासासाठी उभारलेल्या आहेत. तथापि १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे 'स्कियापारेल्ली' हे यान मंगळावर उतरू लागले, तेव्हा त्याचा अत्यंत क्षीण संदेश येथे ऐकला गेला. ठरलेल्या क्षणाच्या किंचित आधी तो थांबला. यान मंगळावर आदळून नष्ट झाले होते.

येथे गोंगाट म्हणजे कानांना ऐकू येणारा नव्हे. प्रत्येक उष्ण वस्तू मंद रेडिओलहरी सोडीत असते. जमिनीचे तापमान सुमारे ३०० केल्व्हिन असते. तिच्या लहरी तबकडीच्या कडेवरून अथवा जाळीतून ग्राहकयंत्रात शिरल्या, तर संदेश त्यांत बुडून जातो. म्हणून ग्राहकाची घडण अशी करतात की, त्याला तबकडी पुरती दिसावी, पण कडेपलीकडची जमीन शक्य तितकी कमी दिसावी. दूरच्या यानांशी बोलणाऱ्या केंद्रांत बहुधा तबकडीसमोर एक लहान परावर्तक बसवितात. त्यामुळे ग्राहकाचे तोंड वर होते आणि कडेबाहेर त्याला थंड आकाश दिसते. पहिला प्रवर्धक तर निरपेक्ष शून्याच्या जवळपास थंड ठेवतात, कारण त्याची स्वतःची ऊबही गोंगाटच होय. बंगळूरजवळ ब्यालालू येथील ३२ मीटरची तबकडी २००८ मध्ये चांद्रयानासाठी सिद्ध झाली. तिच्यासाठी वाडग्यासारखी सखल जागा निवडली, ती बाहेरच्या लहरींना आडोसा मिळावा म्हणूनच.

ही झाली यंत्राची शिस्त. माणसांचा गोंगाट आवरणे अधिक कठीण. विजेच्या तारांतील ठिणग्या, मोबाइलचे मनोरे, कारखाने या सर्वांच्या लहरी त्या क्षीण संदेशावर मात करतात. खोडदची निवड झाली, तिचे एक कारण तेथील ही शांतताच होते. पुढे पुणे-नाशिक अर्धद्रुतगती रेल्वे नारायणगावावरून नेण्याची योजना झाली. दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून तिला हरकत आली, आणि २०२५ साली तो मार्ग सोडून दिल्याचे सरकारने सांगितले. जुन्नर भागातील लोकांना रेल्वे हवी होती, आणि त्यांची मागणीही रास्तच होती.

श्रोतेहो, दूरचा आवाज ऐकावयाचा तर खिडकी लावलीच पाहिजे. परंतु माझ्या वर्गात खिडकीशेजारी बसणाऱ्या मुलांना सर्वांत अधिक उकडते, हे मला रोज दिसते. मी त्यांना पंख्याखाली जागा देतो. खोडदच्या शेजाऱ्यांसाठीही असा पंखा शोधावयास हवा.