कलश कोणाच्या हाती?



वसंत व्याख्यानमालेत अस्थिकलशावर बोलायचे, हे कोणाला खटकेल. पण मी शास्त्री नव्हे आणि पंडितही नव्हे. सातवीनंतर जे शिकलो ते रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत. न्हावा-शेव्याच्या बंदराभोवती कामगारांत हिंडताना मी लग्नांपेक्षा मर्तिकांनाच अधिक गेलो. तेव्हा पाहिले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी यार्डातला आमचा एक कंत्राटी सोबती वारला. त्याचे गाव मराठवाड्यात. दहन इकडेच, विजेच्या दाहिनीत झाले. कलशाची आठवण कोणालाच राहिली नव्हती. बिस्किटांची प्लॅस्टिकची बरणी मिळाली, तीत सारे भरले. त्याच्या बायकोला ती बरणी मांडीवर हवी होती. ‘बाईमाणसाने धरू नये’ म्हणून दिराने ती काढून घेतली आणि एस.टी.च्या वरच्या फळीवर ठेवली. रात्री घाटात झाकण निघाले. ती माउली पदर पसरून नवऱ्याची राख गोळा करू लागली. मी मागच्याच बाकावर होतो. हजार माणसांपुढे माझी जीभ चालते. तेथे चालली नाही. ते मला अजून टोचते.

आधी भांड्याचा हिशेब सांगतो. लाकडाच्या चितेवर दहन झाले, तर आपण बहुधा तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतो. त्या थोड्याच असतात, लहानसा कलश पुरतो. विजेच्या किंवा गॅसच्या दाहिनीतून मात्र बहुधा त्याच दिवशी सारे हाती येते. मोठ्या माणसाचे ते दोन-तीन किलो भरते. त्यासाठी अडीच-तीन लिटरांचे भांडे हवे. निखारे पुरते निवल्याखेरीज भरू नये. मातीचे मडके सर्वांत स्वस्त आणि साजरे. जवळच विसर्जन असेल तर त्याहून चांगले काही नाही. नाशिकला रामकुंडावर किंवा गावी न्यायचे असेल, तर घट्ट झाकणाचा तांब्याचा कलश घ्यावा, तोंडाला फडके बांधावे.

आता उलव्याच्या अंगणात विमानतळ आला. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने सुरू झाली. पण जाड धातूच्या भांड्यातले तपासणीच्या क्ष-किरणांना दिसत नाही. म्हणून विमानाने न्यायचे तर लाकडाची किंवा जाड पुठ्ठ्याची पेटी बरी. मृत्यूचा आणि दहनाचा असे दोन्ही दाखले जवळ ठेवावेत आणि विमान कंपनीला आधी विचारावे.

खाडीत विसर्जन करायचे असेल, तर ओहोटी लागल्यावर करावे. भरतीला सोडलेले फूल खारफुटीत परत येऊन अडकते, हे येथल्या कोळी-आगरी बांधवांना मी सांगायला नको. पाण्यात फक्त अस्थी सोडाव्यात. फडके, पिशवी आणि तांब्याचा कलश घरी आणावा. झाडाखाली ठेवायच्या असतील, तर राख भरपूर मातीत मिसळावी, कारण नुसत्या राखेचा खार कोवळ्या रोपाला मारतो.

त्या रात्रीनंतर आम्ही वर्गणी काढून कचेरीत तांब्याचे दोन कलश ठेवले. लागेल त्याने न्यावा, घासून परत आणावा. ‘दुसऱ्याच्या अस्थींचा कलश कसा वापरायचा?’ असे पहिल्या वर्षी काहींनी विचारले. मी म्हटले, “चार खांदे दुसऱ्याचे चालतात ना?” आता कोणी विचारत नाही. मर्तिकासाठी सावकाराच्या दारात उभा राहिलेला कामगार मी पाहिला आहे. त्याच्या डोक्यावरचा हा एक खर्च तरी गेला.

परंतु भांडे मिळाले म्हणून प्रश्न सुटत नाही. ते धरायचे कोणी? डॉक्टर आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठविली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. या मावशीने ती पकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. ना जात एक, ना धर्म, ना रक्त! एकोणिसाव्या शतकात एका परक्या बाईला हा मान मिळू शकला, तर आज घरच्या लेकीला आणि पत्नीला तो नाकारणारे आपण कोण?

दुसरी गोष्ट, जाणाऱ्याला आधी विचारावे. पंडित नेहरूंनी १९५४ सालीच लिहून ठेवले होते: मूठभर रक्षा प्रयागला गंगेत, बरीचशी विमानातून शेतांवर. १९६४ साली ते गेले तेव्हा तसेच केले गेले. विमान आपल्या आवाक्यात नाही, पण कागद आहे. घरात वाद होतात ते दुष्टपणाने नव्हे. जाणाऱ्याने काही सांगितलेले नसते म्हणून होतात.

मी माझा कागद लिहून कपाटात ठेवला आहे. मातीचे मडके, ओहोटीची वेळ, आपली खाडी, आणि मडके माझ्या बायकोच्या हाती. ती आधी गेली, तर तिचे मडके लेकीच्या हाती. हे तिनेच सांगितले. लिहिताना दोघांनाही जड गेले. लिहून झाल्यावर तिने चहा केला.

त्या सोबत्याच्या पत्नीला मी पुढे भेटलो, क्षमा मागितली. ती म्हणाली, “भाऊ, तेव्हा बोलला असता तर बरं झालं असतं.” ते तेव्हाचे बोलणे मी आज तुमच्यापुढे बोललो.